मुलांचं झालं की कळव

१ ऑक्टोबर, बुधवार

शिरीष आज परत लवकर आला. मगरिबची, म्हणजे सूर्य बुडतानाची अजान व्हायच्या आत गाडी दारात. उन्हाळ्यात हाच माणूस साडेसहाला यायचा, सप्टेंबरात सहाला येऊ लागला, आता पाचच्या आधीच हजर. ऑफिसची वेळ तर तीच आहे. विचारलं, तर म्हणे, "काम संपलं." प्लांटवरचं काम कधी संपतं का? सत्तावीस वर्षं ऐकत आले की संपत नाही म्हणून!

बरं, लवकर येऊन बायकोशी चार शब्द बोलेल? नाव नको. घरातले सगळे दिवे लावतो आणि सोफ्यावर बसतो. मी बंद करत जाते, तो लावत जातो.

ही वही चिराग मेलबर्नला जाताना ठेवून गेला. "आई, राइट समथिंग, यू विल फील बेटर." पोरगं मराठी सगळं समजतं आणि उत्तर इंग्रजीत देतं. मी म्हटलं, काय लिहू? भाजी काय केली ते? पण आज लिहावंसं वाटलं, कारण दिवसभरात मी फक्त लतीफशी बोलले. लतीफ म्हणजे आमच्या कंपाउंडचा, भिंतीआतल्या या बंगल्यांच्या वसाहतीचा वॉचमन. तो म्हणाला, "मॅडम, आज गर्मी कम है." मी म्हटलं, "हां." झालं माझं संभाषण.

एवढा मोठा व्हिला, बहारीनमधल्या रिफातला सगळ्यात शांत रस्ता, आणि मला खायला उठतं घर.

६ ऑक्टोबर, सोमवार

मंडळाची कोजागिरी होती, अदलियात एकांच्या गच्चीवर. शिरीष येत नाही म्हणाला. का? तर "डोकं दुखतंय." गणपतीत पोट दुखत होतं. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात गुडघा काढ, तो राहिलाय. हसला नाही.

शेवटी शेजारच्या भक्ती आणि स्वरूपबरोबर गेले. दोघं तिशी-पस्तिशीतली, बँकेत आहेत, गोड माणसं. त्यांची अनुष्का सात वर्षांची, मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. किती वर्षांनी कुणीतरी असं झोपलं. मी पाय हलवला नाही, मुंग्या आल्या तरी.

गच्चीवर जो तो विचारतो, "शिरीष कुठंय?" किती जणांना डोकेदुखी सांगू? मग मी जाहीरच केलं, "आमचे हे आता कोंबड्यांबरोबर झोपतात. सूर्य बुडाला की आत. गेल्या महिन्यात इथेच चहाचा कप टेबलाच्या बाहेर ठेवला होता ना, आठवतंय? म्हातारा झालाय पार." सगळे खो खो हसले. मला बरं वाटलं. निदान लोकांना माझं बोलणं ऐकावंसं तरी वाटतं.

घरी आले तर हा दारातच उभा. "कशी झाली?" म्हणाला. मी म्हटलं, "यायचं होतंस." आणि आत गेले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आनंदाची बातमी! मला हॅलोविनच्या कमिटीत घेतलं. अदीबा आली होती सकाळी. समोरच्या व्हिलात राहते, बहारीनचीच, माहेर अरादचं. मला उम्म चिराग म्हणते, म्हणजे चिरागची आई. इथली रीतच आहे तशी. पण मला ऐकायला फार आवडतं. चिराग इथे नसला तरी दिवसातून एकदा त्याचं नाव घरात घेतलं जातं.

कंपाउंडमध्ये सगळ्या देशांची मुलं. एकतीस तारखेला संध्याकाळी भुताखेतांचे कपडे घालून दारोदार जाऊन खाऊ गोळा करतात. अदीबाला यात काही नवीन वाटत नाही. "हमारा गरगाऊन है ना, रमजान में? सेम सेम," म्हणाली. तिच्या लहानपणी अरादच्या गल्लीत पोरं पिशव्या गळ्यात अडकवून, गाणी म्हणत दाणे-मिठाई गोळा करायची. "लेकिन तब गाड़ी कहाँ थी, उम्म चिराग? गली हमारी थी."

माझ्याकडे खाऊच्या पिशव्या. नुसती चॉकलेटं नाही द्यायची, दिवाळीचे शंकरपाळे घालणार मी. खा म्हणावं भुतांनो.

संध्याकाळी शिरीषला उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "अंधारात? रस्त्यावर?" म्हटलं, भुतं काय दुपारी फिरतात? याला माझी कुठलीच गोष्ट आवडत नाही हल्ली.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं त्याने मान खाली गेली.

माझी दाढ ठणकत होती. मनामात डेंटिस्टची चारची वेळ, पण त्याने बसवून ठेवलं. बाहेर आलो तेव्हा पूर्ण अंधार. शिरीष म्हणाला, टॅक्सी करू, गाडी उद्या नेईन. आता बोला! दारात स्वतःची गाडी आणि टॅक्सी? मी म्हटलं, "माझी दाढ गेलीय, तुझी अक्कल नाही ना गेली?" मग बसला.

कसा चालवत होता देवाला ठाऊक. एका बसच्या मागे मागे, बस वळेपर्यंत. मागून हॉर्नवर हॉर्न. मी म्हटलं, "बैलगाडी आहे का?" स्टीअरिंग असं धरलं होतं की बोटं पांढरी. मी तोंड फिरवून माझ्या खिडकीतून बाहेर बघत बसले, बोलायचंच नाही म्हटलं.

कंपाउंडच्या गेटमधून आत वळलो आणि एकदम कचकन ब्रेक. माझं डोकं पुढे. बघते तर बॉनेटच्या अगदी पुढ्यात अनुष्का! पायाने ढकलायची ती स्कूटर असते ना, त्यावर, काळे कपडे, डोक्यावर काळी टोपी. हॅलोविनचा ड्रेस घालून बघत होती पोरगी. पण तिला काही झालं नव्हतं. ती हसतच होती, हात हलवत होती मला.

आणि हा उतरला आणि ओरडला तिच्यावर! आयुष्यात चिरागवर कधी आवाज चढवला नाही तो माणूस. "काळे कपडे घालून रस्त्यावर येतात का? अक्कल आहे का?" ती रडायला लागली. भक्ती धावत आली. तिच्या तोंडावर म्हणाला, "मूल सांभाळता येत नाही का?"

भक्ती पोरीला उचलून आत गेली आणि दार लावून घेतलं.

मी घरात आले. हा कितीतरी वेळ गाडीतच बसून. दिवे बंद, इंजिन बंद. खिडकीतून बघितलं, फोन कानाला नव्हता, पण हातात होता. कुणाला मेसेज करत असेल? माणूस एवढा चिडखोर होतो तो घरात मन नसतं म्हणून. लिहायला लाज वाटते, पण आज पहिल्यांदा मनात आलं की दुसरं कुणीतरी आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

भक्तीने फोन उचलला नाही. दोनदा केला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

शिरीषने कंपाउंडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. ग्रुपवर! मला न विचारता! "या वर्षी हॅलोविनची फेरी रद्द करावी. संध्याकाळी रस्त्यावर मुलं असणं धोक्याचं आहे." खाली लोकांनी काय काय लिहिलं ते इथे लिहीत नाही. एकाने नुसतं भुताचं चित्र टाकलं.

कमिटीत मी, आणि रद्द करा म्हणतो माझा नवरा. तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.

मी विचारलं, "माझं काही चांगलं चाललेलं बघवत नाही का तुला?" तो म्हणाला, "इरा, जरा बोलायचं होतं."

"आधी ग्रुपवर बोलतोस आणि मग माझ्याशी? माझा नंबर आला का आज? धन्य झाले!" म्हटलं आणि कुकर लावायला गेले. शिट्ट्या होईपर्यंत उभा होता स्वयंपाकघराच्या दारात. मग गेला. काय बोलायचं असणार, मला माहीत आहे. मला ते ऐकायचं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

कमिटीची मीटिंग अदीबाकडे. शिरीषचा दुसरा मेसेज आला होता रात्री, चांगला लांबलचक. रद्द करत नसाल तर गाड्या बंद ठेवा. पाच ते आठ कुणी गाडी आत आणायची नाही, बाहेर काढायची नाही. मुलांच्या हातात टॉर्च द्या. काळे कपडे नकोत, असतील तर त्यावर चमकणारी पट्टी लावा. तोंड झाकणारे मुखवटे नकोत, रंगवा चेहरे. दोन पार्क केलेल्या गाड्यांच्या मधून पोरांनी रस्त्यावर येऊ नये.

मी तयारीतच होते, याची टर उडवायला. पण अदीबा म्हणाली, "अबू चिराग सही बोलता है." तिच्या मोठ्या भावाचा मुलगा एका गरगाऊनला गाडीखाली येता येता वाचला होता म्हणे. गाडीवाला चांगला होता, हळू चालवत होता, पण पोरगं दोन गाड्यांमधून उडी मारून आलं. "बच्चा उस दिन बच्चा नहीं रहता, हवा हो जाता है."

टॉर्च मान्य, पट्ट्या मान्य. गाड्या बंद करायला मात्र निम्मे लोक तयार नाहीत. एकतीसला शुक्रवार, म्हणजे इथली सुट्टी, पाहुणे येतात, जेवायला जायचं असतं. शेवटी ठरलं की गाड्या माणसाच्या चालीने चालवायच्या, चारी इंडिकेटर लावून.

घरी येऊन सांगितलं. शिरीष म्हणाला, "चालीने पुरत नाही, इरा. दिसलं पाहिजे." म्हटलं, बाकीच्यांना डोळे आहेत रे, तू कशाला एवढी काळजी करतोस! तो माझ्याकडे बघतच राहिला. मग आत जाऊन झोपला. सात वाजले होते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

दिवाळीच्या दिवशी असं लिहायला नको.

दारात रांगोळी काढली होती, पणत्या मांडल्या होत्या. सकाळपासून खपत होते. भक्तीकडून फराळाचं ताट आलं, पण स्वरूपच्या हाती. ती आली नाही. पूजा झाली आणि शिरीष नैवेद्याची वाटी घेऊन बाहेर ठेवायला गेला, तो सरळ रांगोळीतून. कडेच्या दोन पणत्या लाथाडल्या, तेल सांडलं, पायजम्याचा काठ जळता जळता राहिला. पणती डोळ्यासमोर पेटलेली! मी विचारलं, "मुद्दाम करतोस का?" तो खाली बसून हाताने तेल पुसत होता, आणि चाचपडत पुसत होता, जिथे नव्हतं तिथेही.

मग माझा बांध फुटला. म्हटलं, "मी पुण्याला जाते. बहिणीकडे, सुनीताकडे. तिची वरची खोली रिकामी आहे. राहते तिथेच, परत कधी येईन माहीत नाही. तुला काही फरक पडणार नाही."

मला वाटलं होतं, निदान विचारेल का म्हणून. भांडेल. रागाने एखादं भांडं आपटेल.

"जा," म्हणाला. "बरं वाटेल तुला. माझ्याबरोबर नकोच राहूस सध्या."

तोंडात मारल्यासारखं झालं. सत्तावीस वर्षांच्या संसाराला एवढंच? मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेर फटाके नाहीत, शेजारी नाहीत, सगळीकडे शांत. नळाचा आवाज तेवढा. मला कुणीतरी यायला हवं होतं दारावर टकटक करायला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

तिकीट काढलं. पाच नोव्हेंबर. परतीचं काढलं नाही.

चिरागला सांगितलं. "आई, इज समथिंग राँग विथ बाबा? ही साउंड्स स्केअर्ड." म्हटलं, स्केअर्ड कसला, मोकळा होतोय. लेकराला असं सांगायला नको होतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

पिशव्या भरून झाल्या. शंकरपाळे, दोन चॉकलेटं, मनुका. अदीबाने भाजलेले पिस्ते दिले.

शिरीषने आज सुट्टी घेतली. का, सांगितलं नाही. सकाळी बाहेर जाऊन चमकणाऱ्या पट्टीची रिळंच्या रिळं घेऊन आला, प्लांटवर जॅकेटला लावतात ना, तसली. आणि दिवसभर खिडकीच्या उजेडात बसून कात्रीने तुकडे कापत होता. प्रत्येक पिशवीला पुढे एक, मागे एक. मग लतीफला हाक मारून उरलेल्या पट्ट्या घरोघर वाटायला दिल्या, पोरांच्या पाठीवर, टोपीवर लावा म्हणून. जेवायला बोलावलं तर "एवढं होऊ दे," म्हणाला.

कमाल आहे. ज्या सणाला रद्द करा म्हणत होता, त्याच्यासाठी एवढा घाम? बायको सोडून चाललीय त्याचं काही नाही. माणूस आहे की कोडं? मी पाच तारखेनंतर सोडवत बसणार नाही.

ऊन उतरल्यावर मात्र उठला. तुकडे अर्धे राहिले होते. म्हणाला, "आता तू काप, मला सुचत नाहीये." मी कापले. कशाला कापले, काय माहीत.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी याला प्लांटवरून फोन आला, काहीतरी बंद पडलं होतं. शुक्रवार असून जावं लागलं. "तीनच्या आत येतो," म्हणाला, दारातून दोनदा सांगितलं. तीन वाजले, चार वाजले. अजान झाली. मग मेसेज आला, "काम लांबलं. वेळ लागेल. मुलांचं झालं की कळव."

मुलांचं झालं की कळव? याचा मुलांशी काय संबंध? मी मनात म्हटलं, बायको कमिटीत अडकलेली कधी मोकळी होते ते हवंय याला, तोवर जिथे असेल तिथे निवांत.

इकडे फेरी सुरू झाली होती. काय सांगू, कंपाउंड नुसतं भरून गेलं होतं. सांगाडे, चेटकिणी, वटवाघळं, एक पोरगा तर पांढरी चादर गुंडाळून पायात अडखळत चाललेला. पट्ट्या लावल्या होत्या सगळ्यांनी, टॉर्च पडला की चांदीसारख्या लकाकायच्या. मी आणि अदीबा दारात पिशव्या वाटत होतो. शंकरपाळे आवडले, हो! एक गोरं पोर परत आलं, "मोअर डायमंड कुकीज प्लीज." हसायला येत होतं आणि रडायलाही. पुढच्या वर्षी मी नसणार. अनुष्का लांबूनच गेली. आमच्या दारी आली नाही.

तेवढ्यात लतीफ आला. हळूच म्हणाला, "मॅडम, साब की गाड़ी बाहर खड़ी है. गेट के आगे, दीवार के पास. अंदर बैठे हैं. मगरिब से बैठे हैं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. काम लांबलं म्हणे! गेटच्या बाहेर गाडी, अजानीपासून! म्हणजे हा एकटा नाही. पिशव्यांचं टोपलं अदीबाच्या हातात कोंबलं. ती म्हणाली, "यल्ला, जाओ, मैं हूँ." तिला काय वाटलं कोण जाणे. मी जवळजवळ पळतच गेले. आज सोक्षमोक्ष. जी कोण असेल तिला बघून घेते म्हटलं.

गाडी भिंतीला लागून होती, दिवे बंद. मी बाजूचं दार खसकन उघडलं.

कुणी नव्हतं. हा एकटा. स्टीअरिंगवर दोन्ही हात, गाडी बंद असून.

"कोण?" म्हणाला. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर, आणि हा विचारतो कोण!

"कोण म्हणजे? मी!"

"इरा? झालं का मुलांचं?"

"काम होतं ना तुला? खोटं कशाला बोललास? काय करतोयस इथे अंधारात?"

तो म्हणाला, "थांबलोय. आत मुलं आहेत. मला दिसत नाहीत."

मी म्हटलं, म्हणजे काय दिसत नाहीत? हॅलोविन आहे, पट्ट्या लावल्यात, तूच कापल्यास.

"मला अंधारात काहीच दिसत नाही, इरा. मार्चपासून. आधीपासूनच असेल, मार्चमध्ये कळलं. तो गेटवरचा दिवा दिसतो. दिव्याखाली कुणी उभं राहिलं तर दिसतं. दिव्यातून बाहेर पडलं की नाही. आणि दिवसासुद्धा कडेचं दिसेनासं होतंय. आता आतला दिवा लागलाय म्हणून तुझा चेहरा दिसतो. पण समोर बघितलं की तू नाहीस."

डोळ्यांच्या दवाखान्यात तीनदा जाऊन आला होता. पडद्याच्या पेशी मरतायत. औषध नाही. आधी रात्र जाते, मग कडा जातात, मग हळूहळू आतलं. किती वर्षं, ते डॉक्टर सांगत नाहीत. अनुष्का त्या दिवशी त्याला दिसलीच नव्हती. "ब्रेक मी तिला बघून मारला नाही. स्कूटरची घंटी वाजली म्हणून मारला. तिने ती वाजवली नसती तर?" आणि मग तो रडला. मी याला फक्त सासूबाई गेल्या तेव्हा रडताना पाहिलं होतं.

मला आधी काय आलं? राग. खरं लिहिते. मी त्याच्या दंडावर फटके मारले. "सात महिने चालवतोस? रोज? माणसं आहेत रस्त्यावर! पोरं आहेत! मला शेजारी बसवून चालवत होतास!"

"म्हणून तर जा म्हणालो तुला," म्हणाला. "तू गाडीत नको होतीस. घरीही नको होतीस. एक दिवस पोलीस दारात येतील आणि सांगतील की याने कुणाला तरी मारलं, तेव्हा तू तिथे नको होतीस. मी रोज अजानीच्या आत यायचो. उन्हाळ्यात जमत होतं. आता दिवस लहान झाले. आज धावतपळत गेटपर्यंत आलो आणि अजान झाली. आत हसण्याचे आवाज येत होते पोरांचे. पुढे जायचं धाडसच झालं नाही."

मग आम्ही दोघं बसलो. भिंतीपलीकडून पोरं ओरडत होती. मला गाडी येत नाही, त्याला चालवायची नाही. चावी मी काढून घेतली आणि ब्लाउजमध्ये टाकली, परत मागायची सोय नको. गाडी तिथेच ठेवली.

चालत निघालो. त्याने माझं कोपर धरलं. लग्नात धरलं असेल तेवढंच, चारचौघांत. कुणी जवळून पळालं की त्याचा हात घट्ट व्हायचा, तो जागीच थांबायचा. मी सांगत होते, डावीकडे सांगाडा, पायऱ्यांवर दोन चेटकिणी, आता कुणी नाही, चल. त्याने फोनचा टॉर्च पुढे धरला आणि एकदम म्हणाला, "अगं, पट्ट्या दिसतायत! मला दिसतायत पट्ट्या!" मुलं नाही, नुसत्या पट्ट्या, खालीवर होत पळणाऱ्या. मोजत होता लहान पोरासारखा. लोक बघत होते आमच्याकडे. बघू देत.

घरी आल्यावर मी सगळे दिवे लावले.

१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी स्वरूपने गाडी आत आणून दिली. काही विचारलं नाही, शिरीषनेच त्याला सगळं सांगितलं. सोमवारी मी त्याच्याबरोबर दवाखान्यात जाते आहे. माझं तिकीट रद्द करायचं की दुसरं त्याच्या नावाचं काढायचं, ते तिथून आल्यावर ठरवू. प्लांटवर अंधारात फिरता येत नाही तर नोकरी राहणार नाही, नोकरी नाही तर व्हिसा नाही. रिटायरमेंटला दोन वर्षं होती. काय व्हायचं ते होवो, एकटी मात्र जात नाही.

दहाच्या सुमारास शिरीष म्हणाला, "भक्तीकडे जाऊन येऊ. त्या पोरीला सांगायचंय."

भक्तीने दार उघडलं, चेहरा बंदच होता तिचा. अनुष्का मागून आली, कालच्या रंगाचा काळा डाग कानाजवळ राहिलेला. शिरीष उंबऱ्याशी उकिडवा बसला, तिच्या उंचीला येऊन.

"त्या दिवशी मी तुला ओरडलो ना, ती चूक माझी होती. तुझी नाही, तुझ्या आईचीही नाही. तू मला दिसलीच नव्हतीस. माझे डोळे बिघडलेत. अंधारात मला दिसत नाही."

अनुष्काने नीट ऐकलं. मग म्हणाली, "देन व्हाय वेअर यू ड्रायव्हिंग, अंकल?"

"अनुष्का!" भक्ती म्हणाली. पण तिचाही चेहरा तेच विचारत होता.

शिरीष म्हणाला, "विचारू दे. बरोबर आहे तिचं." आणि तिला म्हणाला, "सांगायची भीती वाटत होती, म्हणून."

"पोलीसला?"

त्याने मान हलवली, नाही.

"युअर बॉस?"

नाही.

"मग कोणाला?" हे तिने मराठीत विचारलं. आमच्याशी ती मराठीत कधी बोलत नाही.

शिरीष खाली फरशीकडे बघत राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, आणि पोरगी मात्र हळूच मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. कोजागिरीच्या रात्री माझ्या मांडीवर झोपली होती ती. बघता बघता ती दोन पावलं मागे सरकली आणि आईच्या कुर्त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

भक्ती म्हणाली, आत या, चहा टाकते. आम्ही बसलो, चहा घेतला. ती शिरीषशी पुष्कळ बोलली, दवाखान्यापर्यंत गाडीने सोडते म्हणाली. मी कपात बघत होते.

दुपारपासून मी घरात हळू आवाजात बोलते आहे. शिरीषने दोनदा विचारलं, घसा बसलाय का.